प्रकल्प नोंदी: जुना लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि सारखा खालीवर होणारा प्रोसेसरचा स्पीड

८ जून २०२५

आज सुरुवात. आजोबांच्या छापखान्यातून निघायचं त्या साप्ताहिकाचे २१४ अंक माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते, मे महिन्यात सगळ्यांचे फोटो काढून झाले, अंकाला चार पानं धरून ८५६ पानं. आता ती टेसरॅक्टला, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला, द्यायची आणि मजकूर काढायचा. छपाईचे खिळे झिजलेले, शाई कुठे पसरलेली, त्यामुळे किती नीट निघेल देव जाणे.

मशीन: सेकंडहँड लॅपटॉप, आय५-८२५०यू, २०१७ चा प्रोसेसर. ४ कोर (स्वतंत्र काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), बेस म्हणजे नेहमीचा स्पीड १.६ गीगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे थोडा वेळ वाढवलेला ३.४ पर्यंत, कागदावर १५ वॅट. वर लिनक्स टाकलंय. कुडाळात जून लागला की लाईटचा भरवसा नाही आणि इन्व्हर्टरची बॅटरी चौथ्या वर्षात आहे, म्हणून ठरवलंय की काम कमीत कमी विजेत झालं पाहिजे. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणलाय.

एका खिडकीत चारी कोरचा स्पीड सेकंदाला दाखवत ठेवला होता. बाबा मागे येऊन उभे राहिले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अगं, मशीन बिघडलंय काय? आकडा एका जागी राहतच नाही." मी म्हटलं, बाबा ते तसंच असतं. "का पण?" वीज वाचवायला. "हळू चालवलं तर काम पण जास्त वेळ चालणार ना, मग वाचलं कुठे?"

उत्तर देता आलं नाही. प्रश्न एकदम बरोबर आहे. बारा तासांचं काम चोवीस तासांत केलं तर वीज तेवढीच लागायला हवी, वाचायला नको.

१० जून

कालपासून तेच डोक्यात. वाचून, कागदावर आकडेमोड करून जे समजलं ते लिहून ठेवते.

प्रोसेसरात जे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात ते म्हणजे छोट्या छोट्या कळशा समजायच्या, भरायच्या आणि ओतायच्या, भरली म्हणजे १, रिकामी म्हणजे ०. व्होल्टेज म्हणजे नळाचं प्रेशर. फ्रिक्वेन्सी म्हणजे नळावर नंबर पुकारणारा माणूस, १.६ गीगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १६० कोटी वेळा पुकारतो. आता प्रेशर कमी असेल तर कळशी सावकाश भरते, आणि पुकारणारा घाई करायला लागला तर कळशी अर्धीच असताना पुढचा नंबर येतो आणि तिथे १ आहे की ० हेच कळत नाही, म्हणजे गणित चुकतं किंवा मशीन सरळ बंद पडतं. म्हणून जोरात पुकारायचं तर प्रेशर वाढवायला लागतं, आणि सावकाश पुकारायचं असेल तर प्रेशर कमी करून *चालतं*. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर ह्या 'चालतं' मध्ये आहे.

कारण लागणारी पॉवर म्हणजे कपॅसिटन्स (कळशी किती मोठी ते) गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी. वर्ग का, तर व्होल्टेज दुप्पट केलं की प्रत्येक वेळी चार्जही दुप्पट चढतो आणि तो दुप्पट उंचीवर चढवायला लागतो, गच्चीवरच्या टाकीत दुप्पट पाणी दुप्पट उंचीवर म्हणजे चौपट काम. आता नुसती फ्रिक्वेन्सी अर्धी केली तर पॉवर अर्धी, वेळ दुप्पट, हिशोब शून्य, बाबा बरोबर. पण फ्रिक्वेन्सी खाली आणली म्हणून व्होल्टेजही खाली आणता आलं तर *तेच काम* कमी उर्जेत होतं. वाचवतं ते व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी फक्त त्याला परवानगी देते.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ट्रेडलसारखं आहे." आजोबांच्या ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईच्या मशीनवर, बाबांनी कॉलेजला असताना कागद लावलेत. पाय जोरात मारायचा असेल तर आधी कागद लावणारा हात त्या वेगाला तयार पाहिजे, नाहीतर बोटं गेली, आणि हळू करायचं असेल तर आधी पाय हळू, मग हात. हे ऐकून मी उडालेच, कारण प्रोसेसर अगदी ह्याच क्रमाने करतो: स्पीड वाढवायचा असेल तर आधी व्होल्टेज वर, ते स्थिर झालं की मग फ्रिक्वेन्सी, कमी करायचा असेल तर आधी फ्रिक्वेन्सी खाली, मग व्होल्टेज. उलटं केलं की बोटं गेली.

१२ जून

पाऊस. फोटो सरळ करणं, कडा कापणं एवढंच झालं.

हे प्रकरण आलं कधीपासून ते बघितलं. इंटेलने स्पीडस्टेप आणलं जानेवारी २००० मध्ये, लॅपटॉपच्या पेंटियम थ्री मध्ये. चार्जर लावला की ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, चार्जर काढला की ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट, दोनच पायऱ्या. हिशोब करून बघितला: स्पीड राहिला ७७ टक्के, व्होल्टेजच्या वर्गाचं गुणोत्तर ०.७१, दोन्हीचा गुणाकार साधारण ०.५५. म्हणजे पाव भागापेक्षा कमी स्पीड सोडला आणि पॉवर जवळपास निम्मी झाली. ह्याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलं नाही. एएमडी आणि ट्रान्समेटा ह्या दुसऱ्या चिप कंपन्यांचं पॉवरनाऊ आणि लाँगरन पण त्याच वर्षीचं, डेस्कटॉपवर एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर कूल अँड क्वाएट आणलं.

शाळेत असताना कॉम्प्युटर क्लासच्या ४८६ वर, म्हणजे तेव्हाच्या जुन्या पीसीवर, 'टर्बो' नावाचं बटण होतं आणि शेजारी लाल आकडे. मला वाटायचं ते पण हेच. अजिबात नाही! ते बटण मशीन मुद्दाम *हळू* करायला होतं, जुने प्रोग्राम आणि गेम ४.७७ मेगाहर्ट्झच्या पीसीचा वेग गृहीत धरून लिहिलेले असायचे म्हणून, विजेशी काही संबंध नाही. आणि ते लाल आकडे काहीही मोजायचे नाहीत, आत जंपर (छोट्या जोडपिना) लावून जे ठरवलं असेल ते दाखवायचे. सर त्या आकड्याकडे बोट दाखवून जे काय सांगायचे ते आठवून हसू आलं.

१५ जून

गव्हर्नरमध्ये अख्खा रविवार गेला. लिनक्समध्ये स्पीड किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या नियमाला गव्हर्नर म्हणतात. परफॉर्मन्स म्हणजे कायम वर, पॉवरसेव्ह म्हणजे कायम खाली, ऑनडिमांड म्हणजे कोर किती बिझी आहे ते ठराविक वेळाने बघून ठरवणारा, आणि २०१६ पासून शेडयुटिल, जो थेट शेड्युलरलाच, म्हणजे कामं वाटून देणाऱ्यालाच, विचारतो की बाबा रे किती काम येतंय.

माझ्या मशीनवर दोनच दिसले, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह, आणि चालू होता पॉवरसेव्ह. मला वाटलं हीच चूक, म्हणून स्पीड खाली राहत असणार. पण काम दिलं की स्पीड ३.४ ला जातोय! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की इंटेलच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह ह्या नावाचा अर्थच वेगळा आहे, तो गरजेप्रमाणे वरखाली करणाराच आहे. अशी नावं ठेवणाऱ्यांना माळ्यावरच्या ट्रंका आवरायला लावल्या पाहिजेत.

वर आणखी असं की २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलचा प्रोसेसर स्वतःच ठरवतो, स्पीड शिफ्ट म्हणतात त्याला. ऑपरेटिंग सिस्टिम फक्त कल सांगते, वेगाकडे झुक की बचतीकडे, ० ते २५५ मधला एक आकडा. बाकी निर्णय चिप आतल्या आत घेते, कारण सॉफ्टवेअरने बघून, ठरवून, सांगून होईपर्यंत काम संपलेलं असतं.

१६ जून

छोटी गोष्ट पण लिहून ठेवते, नाहीतर परत फसेन. स्पीड बघण्याची माझी खिडकीच स्पीड वाढवत होती. सेकंदाला एकदा स्क्रिप्ट उठते, कोर जागा होतो, वर जातो, आकडा वाचतो, तो वर गेलेलाच आकडा मला दिसतो. ती बंद केली तर मीटर जवळजवळ एक वॅट खाली आला. आणि काम नसताना तो आकडा तसाही फोल, कारण रिकामा कोर हळू चालत नाही, तो *झोपतो*. क्लॉक (तो नंबर पुकारणारा) बंद, आणखी खोल झोपेत कोरची वीजच तोडलेली. झोपलेल्या माणसाचा चालण्याचा वेग काय सांगणार.

१९ जून

आज खरं मोजमाप. २०० पानं, तीच, तीन वेळा. आधी एक शहाणपण: टेसरॅक्टला एका पानावर चार थ्रेड दिले तर ते एकमेकांची वाट बघत बसतात, त्यापेक्षा चार पानं एकाच वेळी चालवून प्रत्येकाला एकच थ्रेड दिला तर कितीतरी लवकर होतं. झाकण बंद, स्क्रीन बंद, मीटर प्लगला. रिकामं असताना मशीन ५ वॅट घेतंय.

पहिल्यांदा मोकळं सोडलं. पहिली अर्धी मिनिट मीटरवर ३४ वॅट, मग २४ वर येऊन बसला. ही अर्ध्या मिनिटाची चैन म्हणजे टर्बोची उधारी, चिप गार असते तोवर १५ वॅटच्या वर खर्च करू देतात आणि मग सरासरी भरून काढतात. वेळ १२ मिनिटं, ऊर्जा ४.८ वॅटतास.

मग टर्बो बंद, वरची मर्यादा १.६ गीगाहर्ट्झ. १३ वॅट, साडेसतरा मिनिटं, ३.८ वॅटतास. वेळ दीडपट लागला पण वीज वीस टक्के वाचली, म्हणजे कळशीचं गणित प्लगवर दिसतंय! इथे मी उठून बाबांना हाक मारली.

मग म्हटलं आणखी खाली जाऊ, ४०० मेगाहर्ट्झ, एवढं हळू म्हणजे बचतच बचत. मीटरवर फक्त ८ वॅट, छान वाटलं. मग बसले. चहा झाला, भाजी निवडून झाली, ६६ मिनिटं लागली, आणि ऊर्जा ८.८ वॅटतास. मोकळं सोडलेल्याच्या जवळपास दुप्पट.

कारण दोन. एक म्हणजे व्होल्टेज एका मर्यादेखाली जातच नाही, ट्रान्झिस्टर नीट उघडझाक करायला किमान काहीतरी लागतंच, त्या तळाला पोचल्यावर फ्रिक्वेन्सी आणखी पाडली तर नुसता वेळ वाढतो, वर्गाचा फायदा संपलेला असतो. दुसरं, रॅम, डिस्क, मदरबोर्ड आणि चिपमधली गळती हे सगळं घड्याळाप्रमाणे बिल लावतं, तुम्ही काम करा नाहीतर नका करू. नळ बंद असला तरी पायप ठिबकतोच. १९७४ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं, त्यावर तीसेक वर्षं सगळे जगले, आणि साधारण २००५ च्या सुमाराला ही गळतीच आडवी आली. तेव्हापासून गीगाहर्ट्झ पूर्वीसारखे झपाट्याने वाढेनासे झाले आणि कोर वाढत गेलेत.

पण एक मेख आहे. मशीन तसंही दिवसभर चालूच ठेवणार असू तर तिन्हींची तुलना त्याच ६६ मिनिटांवर करायला पाहिजे, उरलेला वेळ ५ वॅटने धरून. तसं केलं तर १.६ वाला ७.८, ४०० वाला ८.८ आणि मोकळा ९.३. म्हणजे 'झटपट उरकून झोपा' हा सल्ला तेव्हाच खरा जेव्हा तुम्ही खरंच *झोपता*. दोन्ही हिशोबात मधलाच जिंकतो हे मात्र खरं.

२२ जून

उंदराने चार्जरची वायर कुरतडली. तांबं दिसतंय. बाजारातून कम्पॅटिबल आणला ६५० रुपयांना, पिन बसते, दिवा लागतो. खोलीत कौलातून गळायला लागलं म्हणून टेबल पडवीत हलवलं. पडवीच्या प्लगला इन्व्हर्टरची लाईन नाही, पण दिवसा चालेल.

२३ जून

प्लगच्या मीटरऐवजी चिपचाच ऊर्जेचा मीटर वाचायला गेले, इंटेलने २०११ पासून तो आत दिलाय, मायक्रोज्यूलमध्ये सांगतो. तर परमिशन नाही, रूट म्हणजे मशीनचा पूर्ण अधिकार लागतो. का म्हणून बघितलं तर गोष्ट भारी निघाली: नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठातल्या आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी प्लॅटिपस नावाचा हल्ला दाखवला, नुसते ऊर्जेचे आकडे वाचून आत वापरल्या जाणाऱ्या गुप्त चाव्यांचा (डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या आकड्यांचा) अंदाज काढता येतो. म्हणून सगळ्यांसाठी उघडा असलेला मीटर कुलपात गेला.

आणि जून २०२२ मध्ये हर्ट्झब्लीड नावाचा हल्ला. त्यात मीटर वाचायची पण गरज नाही. मर्यादेवर चालणारी चिप डेटामध्ये किती बिट पलटतात त्याप्रमाणे थोडी जास्त-कमी वीज खाते, म्हणून स्पीड थोडा वरखाली होतो, म्हणून उत्तराला लागणारा वेळ बदलतो, आणि वेळ तर लांबूनही मोजता येतो. वीज वाचवायची सोय चुगली करायला लागली. माझ्या साप्ताहिकात बाजारभाव आणि नाटकाच्या जाहिराती आहेत, कोणाला चोरायच्या असतील तर घरी या, चहा पण देईन.

२६ जून

काहीतरी बिनसलंय. गेल्या आठवड्यापर्यंत पानाला १४ सेकंद लागायचे, टर्बो बंद केल्यावर २१. आज एका पानाला सव्वा मिनिट. स्पीड बघितला तर चारी कोर ४०० वर, आणि हलत नाहीत. ज्या आकड्याच्या नाचण्यावरून सगळं सुरू झालं तो आज गप्प बसलाय आणि आता मला टेन्शन आलंय.

टर्बो चालू केला, गव्हर्नर बदलला, कल वेगाकडे पूर्ण झुकवला, काही फरक नाही. तापलंय म्हणावं तर ४६ डिग्री.

२७ जून

मागचं कव्हर उघडलं, पंख्यात धुळीचा नमदा होता तो काढला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, एक स्क्रू हरवला. लिनक्सचा जुना कर्नल (गाभा) घालून बघितला. ४०० ते ४००. बॅटरी कालपासून ६१ टक्क्यांवरच आहे, ती पण गेली वाटतं. मशीनच म्हातारं झालं असं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "एका रात्रीत कोणी म्हातारं होत नाही."

२८ जून

सापडलं, आणि मी नाही शोधलं, लाईटने शोधलं.

संध्याकाळी पडवीत बसले होते, पानं रडतखडत चालली होती, बाहेर धो धो. लाईट गेली. पडवीत मिट्ट काळोख, फक्त स्क्रीन. आणि तीन-चार सेकंदांत लॅपटॉपचा पंखा, जो दोन दिवस ऐकूच येत नव्हता, घूं करून सुरू झाला. खिडकीत बघते तर २.९, ३.१, ३.० आणि पानं भराभर पडायला लागली. अर्ध्या तासाने लाईट आली, पंखा गप्प, ४००. मी चार्जर हाताने काढला: ३.१. लावला: ४००. काढला, लावला, बाबांना बोलावून परत काढला, लावला!

चार्जरच्या पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते, आणि खऱ्या चार्जरमध्ये त्या सुईला जोडलेली एक छोटी चिप लॅपटॉपला सांगते की मी अमुक इतक्या वॅटचा आहे. ह्या ६५० रुपयांच्या चार्जरमध्ये एकतर ती चिप नाही किंवा ती मुकी आहे. लॅपटॉपला कळत नाही की समोर ४५ वॅटचा आहे, ६५ चा आहे की खेळण्यातला, म्हणून तो सगळ्यात सावध पवित्रा घेतो, बॅटरी चार्ज करत नाही (ती ६१ टक्क्यांवर का अडकली ते आता कळलं) आणि प्रोसेसरला 'तापलंय' असा सिग्नल बाहेरून देतो. हा सिग्नल दोन्हीकडून चालतो, प्रोसेसर स्वतः तापला की तो बाहेर सांगतो आणि बाहेरच्या सर्किटला वाटलं तर ते प्रोसेसरला दाबतं. तापमान ४६ असूनही तो सांगितलं तसं तळाला जाऊन बसतो, गव्हर्नर बिव्हर्नरला कोणी विचारत नाही. स्टार्ट करताना 'अडॅप्टर ओळखता येत नाही' असा मेसेजही येत होता म्हणे, मी कधी स्क्रीनकडे बघितलंच नव्हतं, चहा आणायला जायचे.

प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये (सेटिंग ठेवायच्या आतल्या जागेत) एक बिट शून्य केला की तो हा बाहेरचा सिग्नल ऐकतच नाही. मोह झाला. पण ३४ वॅटचा झटका ह्या चार्जरला झेपेल की नाही हे मला पण माहीत नाही, म्हणजे लॅपटॉपची शंका रास्तच आहे. राहू दे.

१ जुलै

ओरिजिनल चार्जर आला. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅट दिसतंय, बॅटरी चार्ज होतेय. आकडे परत नाचायला लागले.

५ जुलै

सेटिंग पक्कं: टर्बो बंद, कल बचतीकडे, चार पानं एका वेळी, काम संपलं की मशीन आपोआप सस्पेंड. ओल लागलेली ४१ पानं सोडून बाकी सगळी झाली. प्रयोगात जाळलेली वीज वगळून सगळ्या अंकांची मिळून सोळा वॅटतास.

बाबांनी विचारलं हे किती झालं. मी हिशोब केला, आपला माजघरातला जुना ७५ वॅटचा पंखा तेरा मिनिटं. बाबा काही बोलले नाहीत. मग मी रिकाम्या मशीनचा हिशोब केला, ५ वॅट गुणिले २४ तास म्हणजे १२० वॅटतास, एका दिवसाचे. जून महिन्यात मी ते रात्रंदिवस चालू ठेवलं होतं, स्पीडचा आकडा बघायला.

बाबा उठून माजघरातला पंखा बंद करून आले. ओल लागलेली ४१ पानं उद्या चुलीच्या वरच्या दोरीवर वाळत घालायची आहेत, फोटो परत काढायला लागतील.